टाकीतलं शेवाळ आणि बोटावरची गाठ

सोमवारची ओपीडी होती. पंचेचाळिशीतले एक गृहस्थ पत्नीसोबत समोर येऊन बसले. उजव्या हाताच्या तर्जनीवर जांभळट लाल गाठ, तिच्यावर खपली, आणि तिथून मनगटाकडून कोपराच्या दिशेने चढत गेलेल्या आणखी तीन लहान गाठी. ताप नाही, वजन घटलेलं नाही, दुखणंही फारसं नाही. पण चार महिने झाले तरी गाठ हटायला तयार नव्हती. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले होते, बुरशीवरच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. बायोप्सीच्या अहवालात ‘ग्रॅन्युलोमा’ हा शब्द होता आणि त्यावरून क्षयरोगाची औषधं सुरू करायचं घाटत होतं.

“काम काय करता?” मी विचारलं.

“बँकेत आहे, डॉक्टर.”

“बागकाम करता? मासळी साफ करता? हात सतत पाण्यात असतात का?”

“नाही हो.”

एवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, नाही काय म्हणता? दर रविवारी दोन-दोन तास हात त्या टाकीतच असतात की तुमचे!”

निदान त्या एका वाक्यात होतं. घरी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी होती. टाकीखालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी होती आणि तीत ते समुद्री शेवाळ वाढवत होते. दर रविवारी ते उघड्या हातांनी शेवाळ उपसत. पाच-सहा महिन्यांपूर्वी तिथल्याच एका दगडाची कपार बोटाला लागल्याचं मग त्यांना आठवलं.

त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही अशा बेताने हे लिहितो आहे. याचं कारण केवळ बोटावरची गाठ नाही. शहरांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवणारे आता बरेच आहेत. शेवाळाची ती छोटी टाकी नीट सांभाळली तर मासे निरोगी राहतात, नाही सांभाळली तर टाकी आणि माणूस दोघंही आजारी पडू शकतात.

टाकीखालची टाकी

माशांच्या विष्ठेतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो माशांना विषासारखा. टाकीतल्या दगडांवर वाढलेले उपयुक्त जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट तुलनेने सौम्य, पण ते पाण्यात साठत जातं. खाद्यातूनच फॉस्फेटही येतं. ही दोन्ही वाढली की मुख्य टाकीच्या काचेवर, दगडांवर, प्रवाळांवर नको ते शेवाळ माजतं. गावच्या तळ्यात सांडपाणी सोडलं की पाणी हिरवं होतं, त्याचीच ही घरगुती आवृत्ती.

यावरचा उपाय मजेशीर आहे. शेवाळ माजणारच असेल तर ते आपण ठरवू तिथे माजू द्यायचं! मुख्य टाकीचं पाणी एका वेगळ्या कप्प्यातून फिरवायचं, तिथे दिवा लावायचा आणि चांगल्या जातीचं मोठं समुद्री शेवाळ वाढवायचं. ते नायट्रेट-फॉस्फेट शोषून घेतं आणि मुख्य टाकीतल्या नकोशा शेवाळाची उपासमार होते. या कप्प्याला ‘रेफ्युजियम’ म्हणतात, म्हणजे आसरा. शेवाळाच्या जाळीत कोपेपॉडसारखे बारीक जीव माशांपासून लपून वाढतात आणि प्रवाहाबरोबर वर जाऊन माशांचं ताजं खाद्य होतात, म्हणून हे नाव. शेवाळाकडून पाणी शुद्ध करून घेण्याच्या कल्पनेवर अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर अ‍ॅडी या शास्त्रज्ञाने बरंच काम केलं. त्याने बंद टाक्यांमध्ये प्रवाळांची छोटी परिसंस्था शेवाळाच्या जोरावर चालवून दाखवली.

हौशी मंडळी याला टाकीची किडनी म्हणतात. उपमा छान आहे, पण अपुरी. किडनी घाण लघवीवाटे शरीराबाहेर टाकते. शेवाळ घाण बाहेर टाकत नाही, स्वतःच्या अंगात साठवतं. ती बाहेर जाते ती तुम्ही शेवाळ उपसून काढता तेव्हाच. नेमकं इथेच बहुतेकांचं चुकतं.

आवक-जावक

आमच्या वॉर्डात गंभीर रुग्णाच्या खाटेला एक तक्ता लटकवलेला असतो. पोटात आणि शिरेतून किती गेलं, बाहेर किती आलं, याची तासातासाची नोंद. टाकीसाठीही असाच हिशेब मांडता येतो.

समजा टाकी अडीचशे लिटरची आहे आणि रोज २ ग्रॅम कोरडं खाद्य घातलं जातं. आठवड्याचे झाले १४ ग्रॅम. खाद्यात साधारण ४५ टक्के प्रथिनं धरली आणि प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन, तर आठवड्याला सुमारे १ ग्रॅम नायट्रोजन टाकीत गेला. तो सगळा नायट्रेट झाला तर सुमारे साडेचार ग्रॅम, म्हणजे अडीचशे लिटर पाण्यात लिटरमागे जवळपास १८ मिलिग्रॅमची भर. तीही दर आठवड्याला.

आता जावक. पाणी निथळवून हलक्या हाताने पिळलेलं २०० ग्रॅम शेवाळ काढलं, तर त्यात कोरडा भाग ढोबळमानाने दहावा हिस्सा, म्हणजे २० ग्रॅम. त्यात नायट्रोजन सुमारे ३ टक्के धरला तर ०.६ ग्रॅम. म्हणजे आत गेलेल्या नायट्रोजनपैकी निम्म्याहून अधिक त्या एका मुठीबरोबर बाहेर आला. उरलेला थोडा माशांच्या वाढीत जातो, थोडा दगडांच्या आतले जीवाणू वायुरूपात सोडून देतात, थोडा पाणी बदलताना जातो. आकडे जातीनुसार आणि टाकीनुसार बदलतील, पण हिशेबाची रीत बदलत नाही. स्वयंपाकघरातला एखादा जुना वजनकाटा टाकीसाठी वेगळा ठेवावा आणि काढलेलं शेवाळ तोलून वहीत लिहावं.

आमच्या या रुग्णाकडे अशी वही होती. उपचार सुरू झाल्यावर मी त्यांना टाकीत हात घालायची बंदी केली. दोन महिन्यांनी ते तपासणीला आले तेव्हा बोट सुधारलं होतं, पण चेहरा पडलेला. वही पुढे करून म्हणाले, “डॉक्टर, हात बरा होतोय, पण टाकी आजारी पडली.” पूर्वी ६ ते ८ मिलिग्रॅमवर स्थिर असलेलं नायट्रेट १२, २०, ३० करत ४० वर गेलं होतं. दिवा चालू, खाद्य चालू, पण शेवाळ कोणी उपसलंच नव्हतं. वाढून वाढून त्याचा कप्प्यात ठोकळा झाला होता. बाहेरून हिरवागार, पण आतपर्यंत ना उजेड पोचत होता ना प्रवाह. आतलं शेवाळ पिवळं-पांढरं पडून कुजत होतं आणि शोषलेलं सगळं पुन्हा पाण्यात सोडत होतं. लघवी तुंबलेल्या रुग्णाचं रक्त बिघडतं तसाच हा प्रकार.

वाढवायचं कसं, आवरायचं कसं

नवशिक्यांसाठी सर्वांत भरवशाचं शेवाळ म्हणजे कीटोमॉर्फा. भांडी घासायच्या हिरव्या तारेच्या गुंडाळीसारखं दिसतं, कशाला चिकटत नाही, मुळं धरत नाही, मूठभर उचललं की निघतं. ग्रासिलारिया हे तांबडं शेवाळही चांगलं. आगर याच कुळातून मिळतं आणि काढलेलं शेवाळ शाकाहारी माशांना खाऊ घालता येतं. उल्वा म्हणजे पातळ हिरव्या पानांचं शेवाळ, तेही चालतं.

कीटोमॉर्फाच्या गोळ्याला प्रवाह असा द्यावा की तो हळूहळू फिरत राहील आणि प्रत्येक बाजूला आळीपाळीने उजेड मिळेल. कप्पा निम्म्याहून जास्त भरू देऊ नये. आठवड्याने किंवा पंधरवड्याने एक तृतीयांश ते निम्मं शेवाळ काढावं, आणि काढताना गाभ्यातलं जुनं, फिकट आधी काढावं. एकदम सगळं काढू नये. पुन्हा वाढ जोमात यायला वेळ लागतो आणि तेवढे दिवस टाकी किडनीशिवाय राहते.

दिवा रात्री लावावा, मुख्य टाकीचा विझल्यावर. त्यामागे साधं शरीरशास्त्र आहे. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, पण मासे, प्रवाळ, जीवाणू सगळ्यांचा श्वास चालू असतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच उतरतो. त्या वेळी खालच्या कप्प्यातलं शेवाळ जागं असेल तर ते कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएचचा रात्रीचा उतार कमी होतो. सुरुवातीला रात्रीचे आठ तास दिवा पुरे, वाढ पाहून दहा-बारा तासांपर्यंत न्यावा. दिव्याची उष्णता मात्र पाण्यात उतरू देऊ नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीचं तापमान तसंही हाताबाहेर जात असतं.

शेवाळ वाढतच नसेल तर? इथेही रुग्ण तपासावा तसं क्रमाने जावं. उजेड पुरेसा आहे का? गोळ्यावर घाण साचली आहे का, त्याच्यावर दुसरं केसाळ शेवाळ चढलंय का? खारटपणा ठीक आहे का? आणि मुख्य म्हणजे, त्याला खायला आहे का? समुद्राच्या तळावरच्या वनस्पतींच्या शरीरात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या अणूंचं प्रमाण साधारण ५५० : ३० : १ असतं, असं अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये दाखवलं. यातला एक घटक संपला की बाकीचे कितीही असोत, वाढ थांबते. पाण्यात नायट्रेट भरपूर पण फॉस्फेट शून्य, अशा टाकीत शेवाळ उपाशीच राहतं. लोहासारखी सूक्ष्मद्रव्यंही संपतात. त्यासाठी बाटल्या ओतण्यापेक्षा नियमित थोडं पाणी बदलणं बरं. हिमोग्लोबिन न तपासता लोहाचं इंजेक्शन देऊ नये, हा नियम इथेही लागू.

उलटा धोकाही आहे. काहीजणांना नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणल्याशिवाय चैन पडत नाही. प्रवाळांनाही थोडं पोषण लागतंच. ते मिळेनासं झालं की प्रवाळ फिके पडतात आणि रिकाम्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी, बुडबुड्यांनी भरलेले, चिकट सूक्ष्मजीव पसरतात. त्यांतला ऑस्ट्रिऑप्सिस विषारी असतो. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोवाच्या किनाऱ्यावर तो माजला, तेव्हा नुसत्या समुद्राच्या तुषारांनी ताप, खोकला, धाप लागून दोनशेच्या आसपास लोकांना डॉक्टरांकडे जावं लागलं होतं. म्हणून ध्येय शून्याचं नसावं. प्रवाळांच्या टाकीत नायट्रेट लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम असं अनेक अनुभवी लोक ठेवतात. रक्तातली साखर जशी शून्यावर आणायची नसते, तसंच हे.

सुंदर, पण जपून

कॉलर्पा हे दिसायला फार देखणं शेवाळ. एखाद्या जातीची पानं पिसासारखी, एखादीची द्राक्षांच्या घोसासारखी. काही जाती आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या खडकांवरही आढळतात. हातभर पसरलेली ही वनस्पती म्हणजे एकच अवाढव्य पेशी असते. आत असंख्य केंद्रकं, पण मध्ये भिंती नाहीत. म्हणूनच पुनरुत्पादनाची वेळ आली की तिच्यातलं जवळजवळ सगळं जीवद्रव्य एकदम पाण्यात सुटतं. आमच्या रुग्णाने सुरुवातीला हेच लावलं होतं. एका सकाळी उठून पाहतात तो पाणी दुधासारखं, शेवाळ काचेसारखं पारदर्शक आणि दोन मासे मेलेले. असं झालं तर तातडीने हवेचा पुरवठा वाढवायचा, पांढरं पडलेलं सगळं काढायचं आणि पाणी बदलायचं.

कॉलर्पाची दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मत्स्यालयांत वाढवलेल्या कॉलर्पा टॅक्सिफोलियाच्या वाणाचा चौरस मीटरभर ठिपका १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसला. नीस विद्यापीठातले अलेक्झांडर मैनेझ यांनी वेळोवेळी इशारे दिले, पण पुढच्या वर्षांत ते भूमध्य समुद्रात दूरवर पसरलं. २००० साली तेच कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या खाजणात सापडलं. तिथे मात्र लगेच ताडपत्र्या टाकून, आत क्लोरीन सोडून ते मारलं गेलं. पूर्ण नायनाट झाल्याचं जाहीर व्हायला २००६ उजाडलं आणि खर्च ७० लाख डॉलरच्या वर गेला. कारण एवढंच, की कोणाच्या तरी टाकीतलं शेवाळ समुद्रात गेलं. बोटभर तुकड्यातूनही ते पुन्हा वाढतं. त्यामुळे उपसलेलं शेवाळ कधीही समुद्रात, खाडीत, नाल्यात किंवा गटारात टाकू नये. कडक उन्हात पूर्ण वाळवावं किंवा पिशवीत बंद करून दिवसभर फ्रीझरमध्ये गोठवावं आणि मग कचऱ्यात द्यावं. मीठ धुऊन, वाळवून कुंडीतल्या खतातही घालता येतं.

आणि आता हात

बोटावरच्या गाठीमागचा जीवाणू म्हणजे मायकोबॅक्टेरियम मरिनम, क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. १९२६ मध्ये अ‍ॅरन्सन यांना तो फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांमध्ये सापडला. माणसांमधला आजार १९५१ मध्ये स्वीडनमधल्या एका पोहण्याच्या तलावावरून लक्षात आला. तलावांत क्लोरीन नीट पडू लागल्यावर तिथला धोका कमी झाला आणि घरातली माशांची टाकी हे मुख्य कारण उरलं. गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यांत तो असतो.

त्याला ३० ते ३२ अंशांचं तापमान मानवतं. शरीराच्या आतले ३७ अंश त्याला जास्त होतात, म्हणून तो बोटं, हात, कोपर अशा थंड भागांतच रमतो. ओरखड्यातून शिरल्यावर गाठ यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी काही महिनेही. तोवर तो ओरखडा कोणाच्या लक्षात राहत नाही. मग गाठी हळूहळू हातावर वर चढतात. बायोप्सीत दिसणारा ग्रॅन्युलोमा क्षयासारखाच असतो आणि आपल्या देशात त्यावरून आधी क्षयाचा विचार होणं स्वाभाविक आहे. पण क्षयावरची सगळी औषधं याला लागू पडत नाहीत. पायराझिनामाइडला तर तो दाद देत नाही. प्रयोगशाळेतही नमुना नेहमीच्या ३७ अंशांवर ठेवला तर तो उगवत नाही, अहवाल ‘काही आढळलं नाही’ असा येतो. म्हणून आम्ही चिठ्ठीवर ‘३० अंशांवर ठेवा’ असं ठळक लिहिलं. तीन आठवड्यांनी जंतू उगवला. त्यानंतर दोन औषधं काही महिने, गाठी विरल्यावरही आणखी दीड-दोन महिने. औषधं कोणती, किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. शेजाऱ्याची चिठ्ठी वापरू नये.

हे टाळणं मात्र सोपं आहे. हाताला लहानशीही जखम असेल तर टाकीत हात घालू नका. एरवी गुरांचे डॉक्टर वापरतात तसे खांद्यापर्यंतचे लांब हातमोजे घाला. काम झालं की साबणाने हात धुवा. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका. टाकीची उपकरणं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी, स्टेरॉइड घेणाऱ्यांनी, प्रत्यारोपण झालेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावं. समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतूही असू शकतात. जखमेभोवती काही तासांत लाली पसरली, फोड आले, ताप आला, तर उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

आणखी दोन गोष्टी. शेवाळाबरोबर आलेले दगड कधीही उकळू नयेत, गरम पाण्याने घासूही नयेत. त्यांच्यावरच्या बटणांसारख्या दिसणाऱ्या झोअँथिड जातीच्या काही जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं. त्याच्या वाफेने घरातली सगळी माणसं एकदम आजारी पडल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत नोंदल्या आहेत. आणि खारं पाणी, वीज आणि ओले हात यांचं वैर विसरू नये. टाकीच्या जोडणीवर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच हवा, वायरी सॉकेटच्या पातळीखालून वळवून वर नेलेल्या हव्यात आणि हात घालण्याआधी उपकरणं बंद हवीत.

शेवटच्या तपासणीला आलेल्या त्या गृहस्थांनी विचारलं, “डॉक्टर, टाकी काढून टाकू का?” मी म्हटलं, “टाकी राहू द्या, सवय बदला.” दर रविवारी आता त्यांच्या पत्नी लांब हातमोजे घालून शेवाळ उपसतात आणि हे बाजूला उभे राहून वजन वहीत लिहितात. शेवटच्या पानावर नायट्रेट ९ होतं. बोटावर फक्त एक फिकट वण उरला होता.

एक विनंती मात्र करतो. हातावरची न हटणारी गाठ घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरात माशांची टाकी आहे हे आपणहून सांगा. आमच्यापैकी सगळेच विचारतील असं नाही आणि प्रत्येक वेळी शेजारच्या खुर्चीत सांगणारं कोणी असेलच असंही नाही.